हवाईची राणी शरण गेली, पण बंड करणाऱ्यांना नाही!

हवाई म्हटलं की डोळ्यांपुढे निळा समुद्र येतो, गळ्यात घातलेल्या फुलांच्या माळा येतात आणि मागे अलोहा ओए हे गाणं वाजत असतं. एल्विस प्रेस्लीनेही गायलेलं हे गाणं एका राणीने रचलंय, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. तिचं नाव लिलिउओकलानी. हवाई हे अमेरिकेचं राज्य होण्याआधी एक स्वतंत्र देश होता आणि ती त्या देशाची शेवटची राणी.

तिचा जन्म 2 सप्टेंबर 1838 चा, होनोलुलूमधला. सरदार घराण्यातल्या मुलांसाठी अमेरिकन मिशनऱ्यांनी काढलेल्या शाळेत ती शिकली. हे मिशनरी 1820 मध्ये हवाईत आले होते. पण पुढे त्यांची मुलं-नातवंडं धर्मप्रसारापेक्षा जमीन, व्यापार आणि राजकारणात जास्त रमली. राणीच्या आयुष्यात पुढे जे घडलं, त्यात यातल्याच काही घराण्यांचा मोठा हात आहे.

सगळ्याच्या मुळाशी होती साखर.

1875 मध्ये हवाई आणि अमेरिकेत करार झाला आणि हवाईची साखर अमेरिकेत बिनाकराची जायला लागली. उसाचे मळे वाढले, चीन, जपान, पोर्तुगालहून मजूर आले आणि मळेवाले गब्बर झाले. तेव्हा गादीवर होता लिलिउओकलानीचा भाऊ कलाकौआ. 1881 मध्ये तो जगाच्या सफरीवर निघाला. (या सफरीत तो कलकत्त्याहून रेल्वेने आपल्या मुंबईतही आला होता.) मागे कारभार बहिणीकडे होता. तेवढ्यात देवीची साथ आली. तिने बंदरं बंद केली, जहाजांची ये-जा थांबवली. मळेवाल्यांचं नुकसान झालं, ते चिडले. ती बधली नाही.

1887 मध्ये या मंडळींनी शस्त्रांच्या धाकाने कलाकौआकडून नवी राज्यघटना मान्य करून घेतली. इतिहासात तिला संगिनीची राज्यघटना म्हणतात. राजाचे अधिकार गेले. मतदानाला मालमत्तेची अट आली, त्यामुळे असंख्य मूळ हवाईयन लोक यादीबाहेर फेकले गेले. आशियाई मजुरांना मत नाहीच. युरोपियन आणि अमेरिकन माणसाला मात्र हवाईचं नागरिकत्व न घेताही मत देता येणार होतं.

जानेवारी 1891 मध्ये कलाकौआ वारला आणि लिलिउओकलानी राणी झाली. त्याच वर्षी अमेरिकेने सगळ्याच देशांच्या कच्च्या साखरेवरचा कर काढला आणि आपल्या शेतकऱ्यांना अनुदान सुरू केलं. हवाईची सवलत एका झटक्यात निरर्थक झाली. यावर मळेवाल्यांतल्या एका गटाचं उत्तर सरळ होतं. हवाईच अमेरिकेत घालायची, म्हणजे अनुदान आपल्यालाही.

इकडे लोकांचे अर्ज राणीकडे येत होते, की घटना बदला. 14 जानेवारी 1893 रोजी तिने नवी घटना आणायचा प्रयत्न केला, पण तिच्याच मंत्र्यांनी सही करायला नकार दिला. विरोधक याच संधीची वाट पाहत होते. 13 जणांची समिती बनली. तिचा म्होरक्या होता मिशनऱ्यांचा नातू लॉरिन थर्स्टन. अमेरिकेचे राजदूत जॉन स्टीव्हन्स त्यांच्या बाजूने होते. 16 तारखेला बंदरातल्या अमेरिकन युद्धनौकेवरून 162 सैनिक आणि खलाशी शहरात उतरले, कारण दिलं अमेरिकन लोकांच्या सुरक्षेचं. त्यांचा तळ मात्र पडला राजवाड्याच्या जवळ.

17 तारखेला समितीने राजेशाही संपल्याचं जाहीर केलं. नव्या सरकारचा प्रमुख झाला सॅनफोर्ड डोल, हाही मिशनऱ्याचा मुलगा. अननसाच्या डब्यांवरचं डोल हे नाव याच घराण्यातलं.

राणीकडे शिपाई होते. लढता आलं असतं, पण समोर अमेरिकेचं सैन्य होतं आणि माणसं मेली असती. तिने सत्ता सोडली, पण कागदावर नेमकं काय लिहायचं हे फार विचार करून ठरवलं. ती डोलच्या सरकारपुढे शरण जात नाही, अमेरिकेच्या जास्तीच्या बळापुढे माघार घेतेय, आणि तीही अमेरिका चौकशी करून राज्य परत देईपर्यंत, असा त्याचा अर्थ होता. हा भोळेपणा नव्हता. 1843 मध्ये एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने परस्पर हवाई ताब्यात घेतलं होतं. तेव्हाच्या राजाने निषेध नोंदवून ताबा दिला आणि पाच महिन्यांनी ब्रिटनने राज्य परत केलं होतं.

यावेळीही ते जवळजवळ जमलं. अमेरिकेचे नवे अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी चौकशी लावली, अहवाल राणीच्या बाजूने आला. बंडखोरांना माफी दे, राज्य परत मिळेल, असा निरोप तिला गेला. कायद्याने त्यांना शिक्षा व्हायला हवी, म्हणून ती सुरुवातीला अडून बसली आणि अमेरिकन पेपरांनी तिला रक्तपिपासू ठरवलं. महिनाभराने ती माफीला तयार झाली, पण डोलने राज्य सोडायला साफ नकार दिला. तिने पहिल्याच दिवशी हो म्हटलं असतं, तरी त्याने ते सोडलं असतं असं वाटत नाही.

1895 मध्ये राणीच्या समर्थकांचा उठाव फसला. तिच्या घराच्या बागेत शस्त्रं सापडल्याचं सांगून तिला अटक झाली. सही केली नाही तर समर्थकांना फाशी, या धमकीखाली तिने गादीवरचा हक्क सोडला. त्या कागदावर तिला नवऱ्याचं आडनाव लावून, लिलिउओकलानी डोमिनिस अशी सही करायला लावली. या नावाची कुणी राणी कधी नव्हतीच, हे तिने नंतर आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवलं. तिच्याच सिंहासनाच्या दालनात तिच्यावर लष्करी खटला चालला. पुढचे जवळपास आठ महिने ती राजवाड्याच्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत कैद होती. तिथे तिने गोधडी शिवली, गाणी रचली. बाहेरून फुलं यायची, ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली असायची. बातम्या तिला तशाच कळायच्या.

सुटल्यावर ती वॉशिंग्टनला जाऊन विलीनीकरणाविरुद्ध लढली. 1897 मध्ये 21 हजारांहून जास्त हवाईयन लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. तेव्हा मूळ हवाईयन लोकसंख्याच 40 हजारांच्या आसपास होती. विलीनीकरणाचा करार सिनेटमध्ये बारगळला. पण 1898 मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झालं, पॅसिफिकमधल्या तळाची गरज पडली आणि काँग्रेसने साध्या बहुमताच्या ठरावाने हवाई घेऊन टाकलं. 12 ऑगस्टला राजवाड्यावरचा हवाईचा झेंडा उतरला, तेव्हा राणी घराबाहेर पडली नाही.

राजघराण्याच्या जमिनींसाठी ती अमेरिकन कोर्टात गेली. 1910 मध्ये हरली. उरलेली मालमत्ता तिने अनाथ हवाईयन मुलांच्या ट्रस्टला दिली. 11 नोव्हेंबर 1917 रोजी ती गेली.

1993 मध्ये, सत्तांतराला 100 वर्षं झाल्यावर, अमेरिकेने ठराव करून माफी मागितली. 1893 च्या त्या कागदात राणीने अमेरिकेच्या बळाबद्दल जे लिहून ठेवलं होतं, त्याचा दाखला या ठरावात आहे. मग या माफीच्या आधारे जमिनींची विक्री थांबवता येईल का, हा वाद सुप्रीम कोर्टात गेला. 2009 मध्ये कोर्टाने सांगितलं, या माफीमुळे जमिनीवरचा राज्य सरकारचा हक्क जात नाही.