जॉन ड्यूई
जॉन ड्यूई (२० ऑक्टोबर, १८५९ – १ जून, १९५२) हे अमेरिकन तत्त्वज्ञ, मानसशास्त्रज्ञ व शिक्षणतज्ज्ञ होते. चार्ल्स पर्स आणि विल्यम जेम्स यांच्याबरोबर ते फलप्रामाण्यवादाचे प्रमुख प्रवर्तक मानले जातात. त्यांच्या नीतिविचाराचा प्रभाव पुढे जैवनीतिशास्त्रावर पडला.

जीवन
ड्यूई यांचा जन्म व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथे झाला. त्यांचे वडील किराणा व्यापारी होते. १८८४ मध्ये त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. मिशिगन व शिकागो येथील अध्यापनानंतर १९०४ ते १९३० या काळात ते कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. तेथे १९१३ ते १९१६ या काळात शिकलेले बाबासाहेब आंबेडकर हे त्यांचे विद्यार्थी होत. ड्यूई यांच्या दोन मुलांचा बालपणीच मृत्यू झाला. १८९५ मध्ये मॉरिस घटसर्पाने, तर १९०४ मध्ये गॉर्डन विषमज्वराने दगावला.

नीतिविचार
नैतिक तत्त्वे ही अनुभवातून साठलेली, पण परिणामांच्या कसोटीवर सुधारता येणारी साधने आहेत, असे ड्यूई मानत. ‘ह्यूमन नेचर अँड कंडक्ट’ (१९२२) या ग्रंथात त्यांनी सवय, भावना व विचार यांचा आचरणाशी असलेला संबंध उलगडला. १९२६ मधील एका लेखात त्यांनी प्राण्यांवरील वैद्यकीय प्रयोगांचे समर्थन केले. असे प्रयोग टाळल्यास माणसांवरच अंदाजाने उपचार करून पाहण्याची वेळ येत असेल, तर ते करणे हे शास्त्रज्ञांचे कर्तव्य ठरते, अशी त्यांची भूमिका होती.

जैवनीतिशास्त्रावरील प्रभाव
जैवनीतिशास्त्र ही स्वतंत्र ज्ञानशाखा ड्यूई यांच्या निधनानंतर, १९७० च्या सुमारास आकाराला आली. १९९० च्या दशकात जोसेफ फिन्स, फ्रँकलिन मिलर आदी अभ्यासकांनी त्यांच्या चौकशीपद्धतीच्या आधारे रुग्णशय्येशी निगडित निर्णयांची पद्धत मांडली. कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्णाचे उपचार थांबवावेत की नाही, अशा प्रसंगी या पद्धतीत एखाद्या तत्त्वावरून थेट निष्कर्ष काढला जात नाही. आजाराची स्थिती, रुग्णाची इच्छा, कुटुंबीयांची परिस्थिती व रुग्णालयातील व्यवस्था यांची माहिती घेऊन पर्याय मांडले जातात. सहमतीने ठरलेली योजना अमलात आणून तिचे परिणाम तपासले जातात आणि गरजेनुसार ती बदलली जाते.

टीका
सर्वच तत्त्वे बदलण्याजोगी मानल्यास, इतर सर्वांचे एकमत रुग्णाच्या विरोधात गेले तर त्याच्या हक्कांचे रक्षण कसे होणार, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप आहे. ड्यूई यांनी तत्त्वे टाकून दिलेली नाहीत आणि निर्णयाची झळ ज्याला बसते त्याचा त्या निर्णयात सहभाग असणे हे त्यांच्या लोकशाहीविचाराचे मूळ आहे, असे उत्तर समर्थक देतात.