वाळवंटाने मिळवलेली नदी

राजस्थानातील श्रीगंगानगरची शेते पाहताना तेथे शतकापूर्वी वाळूच होती, हे सांगूनही खरे वाटत नाही. हा पालट घडवणारे बिकानेरचे महाराजा गंगासिंह इतिहासात पहिले महायुद्ध आणि व्हर्सायच्या तहावरील स्वाक्षरी यांसाठी ओळखले जातात. मला त्यांचे मोठेपण दिसते ते पाण्याच्या एका करारात.

१८८० साली जन्मलेले गंगासिंह बालपणीच गादीवर आले. १८९८ मध्ये राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली आणि पुढच्याच वर्षी विक्रम संवत १९५६ चा ‘छप्पनिया’ दुष्काळ कोसळला. त्यांनी मदतकार्ये उभारली. सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. मात्र दुष्काळी कामे तात्पुरती असतात, तहान कायमची असते.

बिकानेरला बारमाही नदी नव्हती. सतलज वाहत होती पंजाब आणि बहावलपूरमधून, आणि बिकानेरला वाटा देण्यास बहावलपूरचा विरोध होता. दीर्घ पाठपुराव्यानंतर ४ सप्टेंबर १९२० रोजी तिन्ही पक्षांत करार झाला. १९२५ मध्ये कालव्याची पायाभरणी झाली. २६ ऑक्टोबर १९२७ रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते पाणी सोडण्यात आले. वाळूत पाणी जिरू नये म्हणून मुख्य कालव्याला अस्तर करण्यात आले. पंजाबातील शेतकरी येथे येऊन वसले. हा राजा लोकशाहीवादी नव्हता. राजकीय विरोध त्याने कठोरपणे मोडून काढला. तरीही १९४३ मध्ये मुंबईत त्याचे निधन झाले, तेव्हा त्याच्या प्रजेला परक्या नदीवरचा हक्क मिळालेला होता.

आज त्या हक्काची उणीव उघड झाली आहे. लुधियानाचे सांडपाणी आणि कारखान्यांचे दूषित पाणी बुढा नाल्यातून सतलजमध्ये मिसळते. कालव्याच्या टोकाची गावे तेच पाणी पितात आणि त्याविरुद्ध आंदोलनेही करतात. नदीचे पाणी किती मिळावे, हे आपले करार ठरवतात. ते कसे असावे, याविषयी ते बहुधा मौन पाळतात. वरच्या शहराची स्वच्छता हा खालच्या गावाचा हक्क आहे, असे मानणारा करार ही आजची गरज आहे. गंगासिंहांनी वाळवंटासाठी पाण्याचा वाटा मिळवला. तो पिण्याजोगा ठेवण्याची जबाबदारी केंद्राने आणि दोन्ही राज्यांनी घ्यायला हवी.