स्पष्टवक्ते आचार्य धर्मानंद कोसंबी
गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धधम्माच्या शोधार्थ घर सोडून निघाले आणि १९०२ साली श्रीलंकेत श्रामणेर झाले. वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही रूढ कथा त्यांनी निःसंकोच नाकारली. शाक्य-कोलियांचा कलह व शस्त्रांविषयीचा उद्वेग हे खरे कारण, असे त्यांनी ‘भगवान बुद्ध’ ग्रंथात मांडले. जातिभेद त्यांना अमान्य होता. परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. ४ जून १९४७ रोजी ते सेवाग्राम येथे निवर्तले. पुढे बाबासाहेबांनीही गृहत्यागामागे रोहिणीच्या पाण्यावरून होणाऱ्या युद्धास दिलेला नकारच सांगितला. आपल्या वसतिगृहातील प्रत्येक मुलामुलीने हा नकार ओळखावा.