अहिल्याबाईंचा दिवस

आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक तक्रार हमखास ऐकू येते. कामं संपतच नाहीत! एक हातात घ्यावं तर दुसरं आठवतं आणि रात्री पाठ टेकली तरी डोक्यात यादी चालूच. अशा वेळी मला अहिल्याबाई होळकरांची आठवण होते.

३१ मे १७२५ रोजी चौंडी गावात जन्मलेली ही मुलगी मल्हारराव होळकरांची सून झाली. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये सासरे आणि १७६७ मध्ये मुलगा मालेराव. एवढे आघात सोसून बाईंनी राज्याचा कारभार हाती घेतला आणि १७९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत समर्थपणे चालवला.

नर्मदेकाठी महेश्वरला त्यांचा दिवस कसा जाई, हे जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने जुन्या माणसांकडून ऐकून पुढे लिहून ठेवलं. पहाटे उजाडण्याआधी तासभर उठायचं. मग पूजा, पोथी ऐकणं, दानधर्म. साधं शाकाहारी जेवण आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळी सहापर्यंत. तिथे लोकांची गाऱ्हाणी त्या स्वतः ऐकत. त्यानंतर पुन्हा पूजा आणि हलकासा आहार. रात्री नऊ ते अकरा परत कारभार, मग झोप.

नीट बघा मैत्रिणींनो, यात प्रत्येक कामाला त्याची वेळ आहे आणि विश्रांतीलाही! दुसरं म्हणजे, सगळंच त्यांनी अंगावर घेतलं नाही. फौज आणि मोहिमा तुकोजी होळकरांकडे सोपवल्या, मुलकी कारभार आणि खजिना स्वतःकडे ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, त्यांच्या हाताखाली माणसं होती, आपल्याकडे कोण? खरंय. पण पाणी भरणं, दळण आणणं, बँकेत जाणं यातलं एखादं काम मुलाकडे किंवा घरच्या पुरुषमंडळींकडे कायमचं देता येतंच की. उरलेली कामं कागदावर उतरवून सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी वाटून टाकावीत. दुपारच्या कामाची काळजी सकाळी पोळ्या लाटताना करायची नाही. आमच्या गटातल्या काहीजणींनी हे करून पाहिलं, त्यांना बरंच हलकं वाटलं.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १७९१ मध्ये जावई वारले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. तेव्हा या कर्तबगार बाईंनी तीन दिवस अन्न घेतलं नाही, कोणाशी फारसं बोलल्याही नाहीत. मग सावरल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. म्हणून घरात दुखणं-खुपणं असेल, मन थाऱ्यावर नसेल, तेव्हा यादी दोन दिवस बाजूला राहिली तरी स्वतःला दोष देत बसू नये. कामं कुठे पळून जात नाहीत.