देवळालीचे कापरेकर मास्तर

गणित नको म्हणून मी कला शाखेला आलो. दहावीला काठावर सुटलो आणि त्या विषयाला कायमचे हात जोडले. तरीही आज एका गणितज्ञावर लिहीत आहे, कारण त्यांच्या एका संख्येने मला आमच्याच खळ्यावर निरुत्तर केले.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, त्यामुळे आकडेमोड घरातच होती. ठाण्याला शाळा आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण झाले. १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले, १९२९ साली ते बी. एस्सी. झाले. त्यापुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर होते.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ही संख्या मांडली. कोणतेही चार अंक घ्या. फक्त चारही सारखे नसावेत. ते उतरत्या क्रमाने लिहा आणि त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४ च उरतात. कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घ्या. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेला ६१७४.

आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. ६१७४ सुद्धा हर्षदच. तिच्या अंकांची बेरीज १८ आणि भागाकार ३४३, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात.

आपल्याकडच्या अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटला. मास्तर मात्र पदरमोड करून पुस्तिका छापत राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला त्यांची ओळख झाली. मास्तर सत्तरीचे होते आणि निवृत्तिवेतन पुरत नसल्याने शिकवण्या घेत होते. १९८६ साली ते वारले.

यंदा दिघोरीला धानाच्या चुरणीच्या वेळी मी ही रीत बाबांना सांगितली. ते चौथीपर्यंत शिकलेले. कट्ट्यांच्या हिशेबाच्या वहीत त्यांनी चार वेळा वेगवेगळे आकडे घेऊन पाहिले. चारही वेळा ६१७४. मग त्यांनी विचारले, असे का होते? आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा मी, पण मला उत्तर देता आले नाही.

परत आल्यावर मी गणिताच्या सरांकडे गेलो. सर म्हणाले की पहिल्या वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर ठरते: सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतला फरक आणि मधल्या दोन अंकांतला फरक. म्हणून आकडे कोणतेही घेतले तरी पहिली उत्तरे ५४ च निघू शकतात. ती ५४ तपासली की झाले.

दोन रात्री बसून मी सगळी सोडवली. एकही चुकार निघाले नाही. गणितातली एखादी गोष्ट मी स्वतः सिद्ध केली, ती आयुष्यात पहिल्यांदाच. रविवारी गावी गेलो, तेव्हा तो कागद बाबांच्या वहीत ठेवून आलो.