शिवकर बापूजी तळपदे : विमानाचा ध्यास घेतलेले कलाशिक्षक

विमानाचा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी हमखास सांगतो, की राईट बंधूंच्या आठ वर्षे आधी मुंबईच्या चौपाटीवर एका मराठी माणसाने विमान उडविले होते. त्या माणसाचे नाव शिवकर बापूजी तळपदे. २०१५ साली त्यांच्यावर 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट निघाला आणि आपल्या मुलामुलींनाही हे नाव ठाऊक झाले. परंतु चित्रपटातील तळपदे वेगळे आणि चिराबाजारातील तळपदे वेगळे. आपण या दुसऱ्या तळपद्यांची ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म १८६४ साली मुंबईत, पाठारे प्रभू समाजात झाला. सर जमशेदजी जीजीभाई कलाशाळेत ते शिकले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. म्हणजे पेशाने ते तुमच्या-आमच्यासारखे पगारदार मास्तर. संस्कृतची त्यांना गोडी होती. चिरंजीलाल वर्मा या गुरूंमुळे स्वामी दयानंदांच्या ग्रंथांकडे ते वळले, आणि प्राचीन ग्रंथांत विमानविद्या दडलेली आहे, ती शोधून आपण यंत्र तयार करावे, असा ध्यास त्यांनी घेतला. या विषयावर त्यांनी मराठीत लेखनही केले.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. कथा अशी सांगितली जाते, की १८९५ साली चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे त्यांचे मानवरहित यंत्र सुमारे १५०० फूट वर गेले आणि खाली कोसळले. पाहावयास न्यायमूर्ती रानडे आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हजर होते. यंत्र पाऱ्यावर चालत होते, आणि तळपद्यांच्या मृत्यूनंतर ते एका परदेशी कंपनीला विकले गेले. कथा मोठी गोड आहे. तथापि त्या काळचा एकही विश्वसनीय वृत्तांत, छायाचित्र वा आराखडा आजवर पुढे आलेला नाही. वर्तमानपत्रात बातमी आली होती असे म्हणतात, पण तो अंक कोणी दाखवीत नाही. मुंबईसारख्या, वर्तमानपत्रांनी गजबजलेल्या शहरात एवढी मोठी घटना घडावी आणि तिची चार ओळींचीही नोंद सापडू नये, हे मनाला पटत नाही.

बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ साली 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची तपासणी केली. हा ग्रंथ प्राचीन नसून १९०४ नंतरचा आहे, आणि त्यात वर्णिलेली विमाने उडूच शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. हा ग्रंथ सांगणारे पंडित सुब्बराय शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी काही नमुने तयार केले, परंतु त्यांपैकी एकही उडाला नाही, हेही त्याच अभ्यासात नमूद आहे.

विद्यार्थी मित्रांनो, हे वाचून तळपद्यांना हसू नका. १८९५ साली मानवरहित यंत्र उडविण्याची कल्पना वेडगळ मुळीच नव्हती. आदल्याच वर्षी इंग्लंडात हिराम मॅक्सिम यांचे साडेतीन टनांचे वाफेचे अवाढव्य यंत्र रुळांवरून धावता धावता क्षणभर उचलले गेले आणि मोडले. पुढल्याच वर्षी, मे १८९६ मध्ये, अमेरिकेत लँगले यांचे वाफेवर चालणारे मानवरहित विमान सुमारे एक किलोमीटर उडाले. टेलिफोनचे जनक बेल यांनी स्वतः त्याचे छायाचित्र घेतले. त्याच वर्षी जर्मनीत लिलिएन्थाल आपल्या पंखांसह पडून मरण पावले. जगभर हीच धडपड चालू होती आणि मुंबईचा एक कलाशिक्षक तीत उतरला होता.

मग अडले कोठे? विमानाला तीन गोष्टी लागतात : वजन पेलणारा पंख, पुढे ओढणारी शक्ती आणि तोल सांभाळण्याची सोय. पारा तापवून यांपैकी एकही मिळत नाही. हलके व जोरदार इंजिन तेव्हा मुंबईच्या बाजारात मिळण्यासारखे नव्हते. राईट बंधूंनाही ते मिळाले नाही. त्यांच्या सायकलच्या दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत बारा अश्वशक्तीचे इंजिन घडविले. त्याआधी या बंधूंनी १९०१ साली लाकडी पेटीत वाऱ्याचा झोत सोडून सुमारे २०० प्रकारचे लहान पंख तपासले आणि प्रत्येकाचा आकडा वहीत लिहिला. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे पहिले उड्डाण अवघे १२ सेकंदांचे, १२० फुटांचे झाले. १५०० फुटांच्या कथेपुढे हे किती क्षुल्लक! पण त्याचे छायाचित्र आहे, पाच साक्षीदार आहेत आणि वडिलांना केलेली तारही आहे.

येथे आपल्या घरातलेही एक बोलले पाहिजे. आपल्या सभासंमेलनांतून अब्बास इब्न फिरनास यांचे नाव मोठ्या अभिमानाने घेतले जाते. स्पेनमधील कुर्तुबा शहरातील हे विद्वान इ. स. ८८७ साली वारले. अंगाला पिसे लावून ते उंचावरून झेपावले, काही अंतर तरंगले आणि उतरताना पाठीला मार बसला, अशी हकीकत आहे. ती सविस्तर सांगणारे इतिहासकार अल्-मक्करी सतराव्या शतकातले, म्हणजे साडेसातशे वर्षांनंतरचे. तळपद्यांच्या कथेला जे माप लावायचे तेच या कथेलाही लावले पाहिजे. एकाचे तपासावयाचे आणि दुसऱ्याचे डोळे झाकून मानावयाचे, असा दुजाभाव वर्गात मुलांच्या लगेच ध्यानी येतो, हा माझा अनुभव आहे.

घरी विमान बांधण्याचे स्वप्न मुंबईत पुढे खरे झाले. कांदिवलीचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडले गेले आणि २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची रीतसर नोंदणी झाली. गच्ची, कर्ज, वर्षानुवर्षांची कागदपत्रे, या सगळ्यातून ते गेले. पालकांनी मुलांना हा भागही अवश्य सांगावा. चित्रपटात तो फारसा येत नाही.

तळपद्यांच्या हयातीतच विमान हिंदुस्थानात आले. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नेली. जगातील ती पहिली अधिकृत हवाई टपाल होय. तळपदे तेव्हा सत्तेचाळिशीच्या आसपास होते. पुढे पाच वर्षांनी, १९१६ साली, ते वारले.