मनाचा सहृदय अभ्यासक : विल्यम जेम्स

ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी थोर ग्रंथकारांचे स्मरण करणे औचित्याचेच आहे. परंतु ज्याचे आयुष्यच एका ग्रंथाच्या वाचनाने सावरले गेले, अशा ग्रंथकाराचे स्मरण अधिक उचित ठरावे. अमेरिकेतील आधुनिक मानसशास्त्राचे एक प्रवर्तक विल्यम जेम्स हे असे ग्रंथकार होत. त्यांची विद्वत्ता सर्वमान्य आहे. त्या विद्वत्तेच्या मुळाशी असलेल्या करुणेचा परिचय मात्र आपल्याकडे तुलनेने कमी.

जेम्स यांचा जन्म ११ जानेवारी १८४२ रोजी न्यूयॉर्क येथे एका संपन्न कुटुंबात झाला. वडील स्वतंत्र वृत्तीचे धर्मचिंतक होते, तर धाकटे बंधू हेन्री पुढे इंग्रजीतील श्रेष्ठ कादंबरीकार म्हणून कीर्ती पावले. विल्यम यांचा ओढा प्रथम चित्रकलेकडे होता. ती सोडून १८६१ मध्ये ते विज्ञानाच्या अभ्यासासाठी हार्वर्डला आले आणि तेथून वैद्यकाकडे वळले. १८६५ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ अगासी यांच्यासमवेत त्यांनी ब्राझीलची सफर केली. १८६९ मध्ये त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. पण वैद्यकीचा व्यवसाय त्यांनी कधीच केला नाही.

पदवी हाती आली तेव्हा हा तरुण स्वतःच रुग्ण होता. पाठीचे दुखणे आणि नेत्रविकार होतेच. परंतु त्याहून दारुण होते ते मनाचे दुखणे. सृष्टीतील प्रत्येक घटना जर जडाच्या नियमांनी आधीच ठरलेली असेल, तर माणसाच्या धडपडीला अर्थ कोणता, या प्रश्नाने त्यांना ग्रासले होते. आत्मनाशाचे विचारही मनात येत. अशाच काळात एका सायंकाळी, मनोरुग्णालयात पूर्वी पाहिलेल्या एका निश्चल तरुणाची आकृती त्यांच्या डोळ्यांपुढे अकस्मात उभी राहिली. आपण आणि तो यांत मूलतः काहीच अंतर नाही, आपलीही हीच गती होऊ शकते, या जाणिवेने त्यांचा थरकाप झाला. धार्मिक अनुभवांवरील आपल्या १९०२ च्या ग्रंथात हा प्रसंग त्यांनी एका अनामिक फ्रेंच गृहस्थाच्या नावावर सांगितला. तो त्यांचा स्वतःचाच अनुभव होता, हे पुढे उघड झाले. दुःखी जीवाविषयी त्यांना आयुष्यभर जी आत्मीयता वाटली, तिचे बीज या अनुभवात असावे. शहाणा आणि वेडा यांच्यातील भिंत किती पातळ असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

या गर्तेतून बाहेर पडण्याची वाट मात्र त्यांना पुस्तकानेच दाखविली. एप्रिल १८७० च्या अखेरीस त्यांनी शार्ल रनूव्हिए या फ्रेंच तत्त्वज्ञाचा इच्छास्वातंत्र्यावरील निबंध वाचला. अनेक विचार समोर असता त्यांतील एकच निवडून धरून ठेवणे माणसाच्या हाती असते, हे त्यांना पटले. आणि इच्छास्वातंत्र्यावर विश्वास ठेवणे हेच आपल्या स्वातंत्र्याचे पहिले कृत्य असेल, असा निश्चय त्यांनी दैनंदिनीत नोंदविला. निराशा एका रात्रीत मावळली नाही. तिच्याशी त्यांना पुढेही झगडावे लागले. परंतु पाय टेकायला भूमी मिळाली होती.

हार्वर्डमध्ये त्यांनी आधी शरीरक्रियाविज्ञान शिकविले आणि १८७५ पासून मानसशास्त्र. १८७८ मध्ये त्यांनी एका प्रकाशकाशी मानसशास्त्रावरील ग्रंथाचा करार केला. तो ग्रंथ पुरा व्हायला बारा वर्षे लागली. मध्यंतरी, १८८५ मध्ये, त्यांचा लहानगा पुत्र हर्मन दगावला. १८९० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात जाणिवेला त्यांनी सुट्या मण्यांच्या माळेऐवजी अखंड वाहत्या प्रवाहाची उपमा दिली. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) वाचलेल्या मराठी वाचकाला जो ‘संज्ञाप्रवाह’ परिचित आहे, त्याचे शास्त्रीय मूळ येथे सापडते.

परंतु गुरूची खरी परीक्षा ग्रंथापेक्षा शिष्यांपाशी होते. १८९० मध्ये मेरी कॅल्किन्स या तरुण अध्यापिकेने हार्वर्डमध्ये शिकण्याची इच्छा व्यक्त केली. स्त्रियांना तेथे प्रवेश नव्हता. जेम्स यांनी तिची बाजू आग्रहाने मांडली आणि तिला वर्गात बसण्याची अनुमती मिळाली. इतर विद्यार्थी गळून गेले, तेव्हा ग्रंथालयातील शेकोटीच्या दोन बाजूंना बसून गुरू-शिष्येचे अध्ययन चालू राहिले. १८९५ मध्ये तिने डॉक्टरेटची परीक्षा उत्तम रीतीने दिली. परीक्षकांनी शिफारसही केली. तरी विद्यापीठाने पदवी नाकारली. जेम्स यांचा शब्द तेथे पुरा पडला नाही. मात्र गुरूने दाखविलेला विश्वास वाया गेला नाही. १९०५ मध्ये हीच विदुषी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची पहिली स्त्री-अध्यक्ष झाली.

डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यालाही जेम्स यांच्या घराचे दार उघडे होते. केवळ तत्त्वज्ञानावर चरितार्थ चालविणे कठीण आहे, असा स्पष्ट सल्ला त्यांनी त्याला दिला आणि तो इतिहास व समाजशास्त्राकडे वळला. शिष्याचे १९०३ मधील पुस्तक जेम्स यांनी कौतुकाने आपल्या बंधूकडे पाठविले. क्लिफर्ड बीअर्स हा तर शिष्यही नव्हता. मनोरुग्णालयांत हालअपेष्टा सोसून बाहेर पडलेल्या या तरुणाचे हस्तलिखित जेम्स यांनी वाचले आणि त्याची पाठराखण केली. १९०८ मध्ये ते पुस्तक प्रसिद्ध झाले आणि मानसिक आरोग्याच्या चळवळीला त्यातून चालना मिळाली. ज्याला इतरांनी वेडा म्हणून बाजूला सारले असते, त्याचे म्हणणे या थोर प्राध्यापकाने शांतपणे ऐकून घेतले, हे विसरता येत नाही.

भारतीय विचाराकडेही त्यांनी याच मोकळ्या मनाने पाहिले. मार्च १८९६ मध्ये स्वामी विवेकानंदांनी हार्वर्डच्या पदवीधर विद्यार्थ्यांपुढे वेदान्तावर व्याख्यान दिले. जेम्स यांचा स्वामीजींशी परिचय झाला होता आणि आपल्या ग्रंथांत त्यांनी स्वामीजींच्या विचारांचा आदराने परामर्श घेतला. अद्वैत मात्र त्यांना अखेरपर्यंत मानवले नाही. मतभेद आणि आदर एकाच मनात सुखाने नांदू शकतात, याचा हा उत्तम नमुना होय.

१८९८ मधील गिर्यारोहणात त्यांच्या हृदयाला इजा झाली होती. १९०९ मध्ये फ्रॉइड अमेरिकेत आले असता दोघे फिरावयास निघाले. वाटेत छातीत कळ येऊ लागताच जेम्स यांनी हातातील पिशवी पाहुण्याकडे दिली, त्यांना पुढे होण्यास सांगितले आणि कळ ओसरल्यावर ते शांतपणे त्यांना जाऊन मिळाले. त्यांचे ते धैर्य फ्रॉइड यांच्या कायम स्मरणात राहिले. पुढील वर्षी, २६ ऑगस्ट १९१० रोजी, न्यू हॅम्पशरमधील चोकोरुआ येथील घरी पत्नी ॲलिस यांच्या सान्निध्यात जेम्स यांनी देह ठेवला.

तरुणपणी एका अपरिचित लेखकाच्या शब्दांनी त्यांना आधार दिला होता. त्या लेखकाचे ऋण त्यांनी मानले. आणि ते फेडले मात्र शिष्यांपाशी, पीडितांपाशी. ग्रंथालयाच्या कपाटांत असे किती आधार कोणाची वाट पाहत उभे असतील, हे कोणी सांगावे! ती दारे उघडी ठेवणे, एवढेच आपल्या हाती आहे. आणि ते थोडे नाही.